आंस, दांडा आणि वंगण

मोडनिंब हें सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील गांव समुद्रापासून फार दूर आहे. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा हमरस्ता या गांवावरून जातो आणि कुर्डुवाडीहून पंढरपुराकडे जाणारा लोहमार्गहि येथूनच जातो. ज्वारीचीं शेतें, खोल विहिरी, उन्हाळ्यांत धुळीनें भरून जाणारे गाडीरस्ते, असा हा मुलूख. येथील कित्येक पिढ्यांनीं आगबोट डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. अशा गांवाचा आणि आगबोटीच्या पंख्याच्या दांड्याचा संबंध काय, असें कोणी विचारील तर त्यांत नवल नाहीं. परंतु संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाहीं. जेथें एक कठीण वस्तु दुसऱ्या कठीण वस्तूंत फिरते तेथें एकच प्रश्न उभा राहतो. फिरणाराला फिरूं तर द्यावयाचें, पण झिजूं द्यावयाचें नाहीं. बैलगाडी, मोट, आगगाडी, आगबोट आणि मुलांच्या हौदांतील हातभर लांबीची खेळण्यांतली बोट, या सर्वांपुढें हा प्रश्न आला. त्याच्या उत्तराचें आपल्याकडील घरगुती नांव वंगण असें आहे.

बैलगाडींत आंस स्थिर असतो व चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. चाकाच्या मध्यभागींचा लांकडी तुंबा आंसाच्या टोंकावर चढवितात, आणि चाक निसटूं नये म्हणून बाहेरून खीळ घालतात. गाडींत धान्याचीं पोतीं भरलीं कीं सारा भार आंसाच्या या दोन टोंकांवर येतो. तेथें कोरडें घर्षण होऊं लागलें तर आंस तापतो, तुंब्याचें भोंक मोठें होतें, चाक डुगडुगूं लागतें आणि बैलांना विनाकारण अधिक ओढावें लागतें. कोरडा आंस दुरूनच ओळखूं येई. त्याची कुरकुर शिवेपलीकडे ऐकूं जाई, आणि गाडीवानाच्या निष्काळजीपणाची वार्ता गाडीच्या आधीं गांवांत पोंचे.

म्हणून जुना गाडीवान वंगणाचें नळकांडें गाडीखालीं टांगल्याशिवाय घर सोडीत नसे. एरंडेलासारख्या तेलांत जळक्या चिंध्यांची किंवा गवताची राख कालवून तें काळें वंगण तयार करीत. नुसतें तेल पातळ पडतें. वैशाखाच्या उन्हांत तें ओघळून जावयाचें. राखेनें त्याला दाटपणा येई व तें जागेवर टिके. मुक्कामाच्या ठिकाणीं खीळ काढून, चाक थोडें बाहेर ओढून, जुनें वंगण पुसून टाकीत व काडीनें नवें फिरवीत. यांतील पुसून टाकण्याचा भाग लावण्याइतकाच महत्त्वाचा होता. वंगणाला धूळ चिकटते, आणि धूळ मिसळलेलें वंगण कानशीचें काम करूं लागतें. जो गाडीवान जुन्यावरच नवें थापी, त्याचा आंस वंगण असूनहि लवकर झिजे.

मोटेच्या विहिरीवर हाच प्रश्न निराळ्या रूपानें येई. तेथें दोर ज्या चाकावरून जाई त्या चाकाच्या कण्याला वंगण लागे, आणि मोटेच्या चामड्याला पाण्यापासून संभाळावें लागे. करडईचें तेल पुष्कळ वेळ तापवून केलेलें दाट रोगण चामड्याला चोळीत, तें याचसाठीं. घर्षण टाळणें आणि पाणी अडविणें हीं दोन कामें स्निग्ध पदार्थाकडे आपल्या शेतकऱ्यानें फार पूर्वीपासून सोंपविलीं होतीं. हीं दोन कामें पुढें जहाजाच्या दांड्यापाशीं एकत्र यावयाचीं होतीं, म्हणून तीं येथें लक्षांत ठेवलीं पाहिजेत.

मोडनिंबास लोखंडी आंस आला तो बार्शी लाइट रेल्वेबरोबर. ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें योजली. इ. स. १८९७ मध्यें ती प्रथम बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, आणि बार्शी गांव यांच्या दरम्यान सुरू झाली. १९०६ मध्यें तिचा फांटा पंढरपुरापर्यंत गेला व मोडनिंब हें त्या फांट्यावरील स्थानक झालें. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट होतें. कॅलथ्रॉपचा मुख्य सिद्धांत असा कीं, इंजिन असो वा मालाचा डबा असो, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. भार सर्व आंसांवर सारखा वांटला तर हलके रूळ पुरतात, हलक्या रुळांना खर्च कमी येतो, आणि जेथें मोठी रेल्वे परवडत नाहीं तेथेंहि रेल्वे नेतां येते. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेंत खचाखच भरून जाणाऱ्या या लहानशा गाडीचें सारें शास्त्र अशा रीतीनें आंसापाशीं येऊन ठेपलें होतें.

रेल्वेच्या डब्यांत बैलगाडीची रीत उलटी होते. चाक आंसाला घट्ट जडविलेलें असतें आणि आंसच फिरतो. त्याचीं दोन टोंकें दोन लोखंडी पेट्यांत शिरलेलीं असतात. त्या काळच्या पेटींत वरच्या बाजूस पितळेचें अर्धगोल बेअरिंग टोंकावर टेकलेलें असे व त्यावर डब्याचा भार येई. खालच्या बाजूस तेलांत भिजविलेला सुताचा किंवा लोंकरीचा चोथा ठासलेला असे. आंस फिरतांना या चोथ्याला घांसून तेल वर नेई. चोथा वाळला, खालीं बसला, किंवा पेटीच्या झांकणांतून धूळ आंत गेली, कीं आंस तापूं लागे. आधीं जळक्या तेलाचा वास, मग धूर, आणि वेळींच लक्ष न गेल्यास आंस तुटून अपघात, असा त्याचा क्रम असे. रेल्वेच्या बोलींत याला 'हॉट ॲक्सल' म्हणतात. हें टाळण्यासाठीं गाडी थांबली कीं कामगार डब्यामागून डब्याच्या पेटीला हात लावीत जाई. जेथें तळहात टिकत नसे तेथें कांहींतरी बिघडलें आहे, हें त्याला कोणत्याहि पुस्तकावांचून कळे.

पण वंगण नेमकें काय करतें, हें तोंवर कोणासच नीट ठाऊक नव्हतें. तेल निसरडें असतें म्हणून घर्षण कमी होतें, एवढ्यावरच लोकांचें समाधान होतें. रशियांतील निकोलाय पेत्रोव्ह यानें १८८३ मध्यें रेल्वेच्या आंसांचा विचार करून दाखविलें कीं, खरें घर्षण धातूचें नसून तेलाच्या थराचें आहे. त्याच वर्षीं इंग्लंडांत बीचम टॉवर याचा प्रसिद्ध प्रयोग लोकांपुढें आला. टॉवरनें चार इंच व्यासाचा आंस तेलाच्या टाकींत फिरत ठेवला व त्यावर वरून पितळेचें बेअरिंग भार देऊन टेकविलें. मग वरून तेल सोडण्याच्या सोयीसाठीं म्हणून त्यानें बेअरिंगला मध्यभागीं भोंक पाडलें. पाहतो तों तेल खालीं जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर येऊं लागलें. त्यानें भोंकाला बुच मारलें. बुच बाहेर फेंकलें गेलें. लांकडी खुंटी ठोकली. तीहि हळूहळू वर सरकली. तेव्हां त्यानें तेथें दाबमापक बसविला. बेअरिंगवर सरासरी भार दर चौरस इंचास शंभर पौंड होता, आणि मापकाचा कांटा दोनशेंच्याहि पलीकडे गेला.

याचा अर्थ असा कीं, बेअरिंग आंसावर टेकलेलेंच नव्हतें. तें तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत होतें. १८८६ मध्यें मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं त्याची गणिती उपपत्ति दिली. फिरणारा आंस तेलाला आपल्याबरोबर ओढतो, तें तेल निमुळत्या फटींत कोंबलें जातें, आणि कोंबल्यामुळें त्यांत दाब उत्पन्न होऊन तें सर्व भार उचलून धरतें. भार वाहणारें तेल, आणि तेलाला वाहण्याचें सामर्थ्य देणारी गति. यांतून एक गोष्ट निघते, व यंत्रें संभाळणाऱ्या प्रत्येकानें ती ध्यानांत ठेवावी अशी आहे. आंस थांबला कीं पडदा विरतो व धातु धातूवर बसतो. म्हणून भरधांव फिरतांना जेवढी झीज होते तिच्यापेक्षां सुरू होतांना व थांबतांना अधिक होते. पुष्कळ दिवस उभी राहिलेली गाडी जुंपण्यापूर्वीं तिला वंगण घालण्याची जी रीत आपले गाडीवान पाळीत होते, तिचें कारण टॉवरच्या या प्रयोगांत सांपडतें.

बार्शी लाइट रेल्वेच्या या मुलखांतूनच समुद्राकडे जाणारी एक वाटहि निघाली. २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेण्यापासून आपल्या उद्योगाला आरंभ केला, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचें काम होतें. पुढें १९१९ मध्यें नरोत्तम मोरारजी प्रभृति मंडळींसह त्यांनीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ज्याच्या हिशेबाच्या वहींत प्रथम रूळ आणि मातीकाम होतें, त्याला आतां जहाजाच्या दांड्याचा व पंख्याचा हिशेब करावा लागणार होता. तो दांडा म्हणजे काय प्रकार आहे, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

पहिल्या आगबोटींना पंखा नव्हता. मुंबईच्या गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० मध्यें मुंबईहून सुवेझला गेली, ती बाजूंच्या वल्हेरी चाकांवर. त्या चाकांचा आंस पाण्याच्या वर असे; त्याला तेल घालणें सोपें होतें. १८३८ मध्यें फ्रान्सिस पेटिट स्मिथ याच्या योजनेवर बांधलेली 'आर्किमिडीज' ही बोट पाण्यांत उतरली. हिच्या पाठीमागें पाण्याखालीं मळसूत्री पंखा होता. वादळांत वल्हेरी चाकें कधीं बुडतात, कधीं हवेंत फिरतात. पंखा मात्र सदैव पाण्यांत राहतो. म्हणून पुढील काळ पंख्याचाच ठरला. परंतु या पंख्यानें जहाज बांधणाऱ्यांपुढें एक असें संकट उभें केलें, जें बैलगाडीलाहि नव्हतें व आगगाडीलाहि नव्हतें. पंखा बाहेर पाण्यांत आणि यंत्र आंत कोरड्यांत. दोहोंना जोडणारा दांडा जावयाचा कोठून? जहाजाच्या तळाला, पाण्याच्या पातळीखालीं, एक भोंक पाडावें लागलें. जहाज बांधणारे ज्याची सर्वांत अधिक धास्ती घेतात तें भोंक त्यांना स्वतःच्या हातानें पाडावें लागलें.

त्या भोंकांत एक लांब नळी बसवीत व तींतून दांडा नेत. नळीच्या आंतल्या टोंकास पेटी असे. तींत चरबींत भिजविलेला तागासारख्या धाग्याचा पीळ दांड्याभोंवतीं गुंडाळून वरून कडें आवळीत. फार आवळलें तर पीळ जळे व दांडा तापे. सैल सोडलें तर पाणी आंत येई. म्हणून थोडें थोडें पाणी ठिबकूं द्यावयाचें, हीच योग्य आवळणीची खूण मानली गेली. हा भाग कसाबसा साधला. खरी फजिती झाली ती नळीच्या बाहेरच्या टोंकास. तेथें दांडा पितळी बेअरिंगवर टेकलेला असे व पंख्याचें सारें वजन त्यावर येई. तेथें तेल पोंचत नसे, पोंचलें तरी समुद्र तें धुऊन नेई, आणि खाऱ्या पाण्यांतील रेती पितळेला खाई. क्रीमियाच्या युद्धांत मोठमोठीं जहाजें या एका जागेपायीं जायबंदी झालीं. 'रॉयल आल्बर्ट' या एकशेंएकवीस तोफांच्या इंग्रजी युद्धनौकेला १८५५ च्या अखेरीस दांड्याच्या नळीपाशीं इतकें पाणी लागलें कीं, बुडूं नये म्हणून ती ग्रीसजवळील झेआ बेटाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली. शत्रूची तोफ जें करूं शकली नाहीं तें एका झिजलेल्या टेकूनें केलें.

यावर जो उपाय सांपडला तो मोठा विलक्षण होता. १८५४ मध्यें जॉन पेन या इंग्रज यंत्रकारानें बेअरिंगला आंतून लांकडाच्या पट्ट्या बसविण्याची युक्ति आपल्या नांवें नोंदविली. हें लांकूड म्हणजे वेस्ट इंडीजकडील 'लिग्नम व्हायटी'. तें इतकें भरींव असतें कीं पाण्यांत बुडतें, आणि त्याच्या अंगांत राळेसारखा स्निग्ध पदार्थ मुरलेला असतो. दोन पट्ट्यांमध्यें मोकळ्या खांचा ठेवून पेननें समुद्राचें पाणी बेअरिंगमधून खेळूं दिलें. ज्या पाण्याला बाहेर ठेवण्याचा आटापिटा चालला होता, त्यालाच त्यानें वंगण बनविलें. लांकडाचा स्निग्धपणा आणि वाहतें पाणी यांच्या जोरावर जहाजें समुद्रामागून समुद्र ओलांडूं लागलीं. पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगांतील बहुतेक जहाजांचे दांडे या लांकडावर फिरले.

दांड्याचें आणखी एक दुखणें होतें. पंखा पाण्याला मागें ढकलतो, तेव्हां पाणी दांड्याला पुढें ढकलतें. हा रेटा कोठेंतरी जहाजाच्या अंगावर घ्यावा लागतो, नाहीं तर तो सरळ यंत्रावर जाऊन आदळतो. त्यासाठीं दांड्यावर अनेक कडीं कोरून त्या कड्यांना अडविणारे टेकू लावीत, व त्यांवर सारखें तेल सोडीत. १९०५ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मिचेल यानें रेनल्ड्सची उपपत्ति येथें लावली. अमेरिकेंत किंग्जबरी हाहि स्वतंत्रपणें त्याच मार्गानें गेला. टेकूचे तुकडे किंचित कलतील असे बसविले, म्हणजे त्यांच्याखालीं तेलाची निमुळती फट आपोआप तयार होते व पडदा जमतो. मग अनेक कड्यांच्या ठिकाणीं एकच कडें पुरूं लागलें. रेल्वेच्या आंसाखालीं सांपडलेलें तत्त्व अशा रीतीनें जहाजाच्या पोटांत जाऊन पोंचलें.

५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. तिच्या स्मरणार्थ हा दिवस भारतांत राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. हें जहाज नवें नव्हतें. १८९१ साली 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नांवानें तें प्रथम चालूं लागलें, महायुद्धांत ग्वाल्हेरच्या महाराजांनीं विकत घेऊन त्याचें इस्पितळ-जहाज केलें, आणि मग तें सिंदिया कंपनीकडे आलें. त्याला दोन पंखे होते व म्हणून दोन दांडे. इतिहासांत त्या सफरीवरील मालकांचीं व उतारूंचीं नांवें येतात. पण त्या काळच्या आगबोटींच्या यंत्रखोलींत हिंदी खलाशांची जी उतरंड असे तींत सारंग, टंडेल, आगवाला, कोळसेवाला यांच्याबरोबर तेलवाला म्हणून एक माणूस असे. यंत्रापासून जहाजाच्या पाठीमागील भागापर्यंत दांड्यासाठीं एक अरुंद बोगदा असतो. तेलवाला हातांत तेलाचें भांडें घेऊन त्या बोगद्यांतून वांकून चालत जाई, प्रत्येक टेकूवर तेल सोडी, आणि मग टेकूला तळहात लावून पाही. वर डेकवर समुद्र असे, चंद्र असे. त्याच्यापुढें फक्त फिरता दांडा. मोडनिंबच्या स्थानकावर डब्याच्या पेटीला हात लावणाऱ्या कामगाराची आणि या तेलवाल्याची कधीं भेट होण्याचा संभव नव्हता. परंतु दोघांचें ज्ञान एकच होतें, व तें तळहातांत होतें.

सिंदिया कंपनीचें काम जहाजें विकत घेण्यावर थांबलें नाहीं. २१ जून १९४१ रोजीं विशाखापट्टण येथें कंपनीच्या जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्तें बसविण्यांत आली, आणि १४ मार्च १९४८ रोजीं तेथें बांधलेली 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्तें पाण्यांत सोडण्यांत आली. विकत घेतलेल्या दांड्याला तेल घालणारा देश स्वतः दांडा बसविणारा झाला, तो हा दिवस.

हें सर्व शास्त्र एका ठिकाणीं, ओंजळींत मावेल एवढ्या जागेंत पाहावयाचें असेल, तर मुलें विजेरीवर चालणारी जी लहान बोट करतात तिच्याकडे पाहावें. तिच्यांत एक पितळी नळी असते, नळीच्या दोन टोंकांना दोन लहान पितळी बुश, आणि त्यांतून जाणारी पोलादी सळई. सळईच्या बाहेरच्या टोंकाला पंखा, आंतल्या टोंकाला मोटर. 'रॉयल आल्बर्ट'चीं सारीं दुखणीं हिला आहेत. फक्त त्यांचें माप लहान आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सळई व मोटर एका रेषेंत हव्यात. रेषा चुकली तर कितीहि वंगण घातलें तरी बुश एका बाजूनें झिजणारच. बसवितांना पंखा बोटानें हलकेच फिरवून सोडावा. तो सहज फिरत राहिला तर रेषा ठीक. कोठें अडखळला तर मोटर थोडी सरकवावी. दुसरी गोष्ट रेट्याची. आंतल्या बुशाशीं सळईवर एक कडें व पातळ वॉशर घालावा, म्हणजे पंख्याचा रेटा नळी घेईल. नाहीं तर तो मोटरच्या नाजुक बेअरिंगवर जाईल. कडें अगदीं घट्ट बसवूं नये. कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवावी.

तिसरी गोष्ट वंगणाची, आणि येथेंच बहुतेक मुलें चुकतात. नळीला वरच्या बाजूस, पाण्याच्या पातळीहून उंच निघणारी एक बारीक उपनळी जोडलेली असावी व तींतून वंगण भरावें. संथ चालणाऱ्या बोटीला मऊ ग्रीस चांगलें, कारण तें नळींत भरून राहतें व पाणी वर चढूं देत नाहीं. येथें तें मोटेच्या रोगणाचें व आंसाच्या वंगणाचें, अशीं दोन्ही कामें एकदम करतें. पण दाट ग्रीस लहान मोटरला जड जातें. मोटर तापते व विजेरी लवकर संपते. वेगानें पळणाऱ्या बोटीला म्हणून पातळ तेल घालतात, आणि तें वाहून जात असल्यामुळें प्रत्येक फेरीपूर्वीं पुन्हां घालतात. जुना गाडीवान पातळ तेलांत राख कां कालवीत असे, त्याचें उत्तर या दोन बोटी मिळून देतात.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. विहिरीच्या हौदांतील शेवाळ, केंस, दोरा हे पंखा व बुश यांच्यामधल्या फटींत गुंडाळले जातात आणि बुशाला आंतून कापतात. खेळ संपला कीं तेथें पाहावें. बोट पुष्कळ दिवस ठेवून द्यावयाची असेल तर सळई काढून पुसावी, नळींतून कापडाची वात फिरवून काळें झालेलें वंगण काढावें, मग नवें घालून सळई परत बसवावी. जुन्यावर नवें भरूं नये. गाडीवानाच्या काडीचा आणि या वातीचा नियम एकच आहे. पुन्हां पाण्यांत सोडण्यापूर्वीं मोटर सुरू करण्याआधीं पंखा हातानें चार फेरे फिरवावा, म्हणजे विरलेला पडदा पुन्हां जमेल.

आतां काळ पुष्कळ बदलला आहे. बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ पासून सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली व ती मध्य रेल्वेंत सामील झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हे अडीच फुटी रूळ उखडून त्या जागीं रुंद रूळ आले. चोथ्यानें भरलेल्या तेलाच्या पेट्या गेल्या आणि बंद रोलर बेअरिंगें आलीं, ज्यांना वाटेंत तेल घालावें लागत नाहीं. बैलगाडीलाहि रबरी चाकें व बेअरिंगें लागलीं. वंगणाचें नळकांडें गाडीखालून नाहींसें झालें. जहाजांत लिग्नम व्हायटीच्या जागीं पांढऱ्या मिश्रधातूचीं बेअरिंगें व तेलानें भरलेल्या नळ्या आल्या. परंतु त्या नळ्यांतून तेल समुद्रांत झिरपूं लागलें. अमेरिकेनें २०१३ पासून आपल्या पाण्यांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना अशा ठिकाणीं समुद्राला अपाय न करणारेंच वंगण वापरण्याचा नियम केला. त्यामुळें कित्येक जहाजें पुन्हां पाण्याच्या वंगणाकडे वळलीं आहेत. लांकडाऐवजीं रबर किंवा कृत्रिम द्रव्यें आलीं, पण युक्ति पेनचीच आहे.

इतक्या फेऱ्यांनंतर एक गोष्ट जागच्या जागीं राहिली आहे. दोन कठीण वस्तूंना एकमेकींशेजारीं नांदावयाचें असेल तर त्यांच्यामध्यें कांहींतरी मऊ लागतें, आणि तें मऊ पदरचें खर्चून वारंवार पुरवावें लागतें. रूळ घालणारा, जहाज बांधणारा, कंपनी काढणारा यांचीं नांवें इतिहासानें जपलीं, तें योग्यच झालें. पण रूळ टिकले, जहाजें पोंचलीं, कंपन्या चालल्या, त्या नळकांडें न विसरणाऱ्या गाडीवानामुळें, पेटीला हात लावणाऱ्या कामगारामुळें आणि बोगद्यांतून वांकून जाणाऱ्या तेलवाल्यामुळें. तेलाचा पडदा डोळ्यांना दिसत नाहीं. तो नसला म्हणजे मात्र साऱ्या गांवाला ऐकूं येतो. मोडनिंबच्या एखाद्या हौदावर आज जो मुलगा आपली बोट पुसून, सळईला तेल लावून मग फडताळांत ठेवतो, तो या न दिसणाऱ्या कामाचा वारस आहे.